कोठडीतली मोकळीक

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढलं. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत होते. त्याचीच पुढे ‘गीता प्रवचने’ झाली. दुसऱ्या वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. भिंतीआड राहूनही माणूस आतून मोकळा असू शकतो, हे मराठी वाचकाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. त्याचे पुरावे आपल्या घरातल्या फडताळात आहेत.

पण या तिघांबरोबर तुरुंगात बरंच काही आलं होतं. व्यासंग होता, ध्येय होतं, आपण इथे का आहोत याचं स्वच्छ उत्तर होतं, आणि बाहेर त्यांच्या सुटकेकडे डोळे लावून बसलेला समाज होता. ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही त्याने काय करायचं? बांधावरून शब्दाला शब्द वाढला आणि चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालून बसला, असा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. जन्मठेप झाली आहे. जमिनीचा तो तुकडा आता पडीक आहे, दोन घरं उघड्यावर पडली आहेत. त्याला काही विचारलं तर तो एवढंच म्हणेल, ‘रागाच्या भरात झालं.’ आपण ही सबब समजतो. मला हे वाक्य अगदी नेमकं वाटतं. त्या संध्याकाळी त्याने काही ठरवलं नव्हतं. अंगात आग उसळली आणि हात उचलला गेला. मध्ये तो स्वतः कुठेच नव्हता.

मनाच्या स्वातंत्र्याचा विचार करायचा तर तो या क्षणापासून करावा, असं माझं ठाम मत आहे. आपण तो फार वरून सुरू करतो. आत्मा, मुक्ती, सकारात्मक विचार, सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारी सुवचनं. यातलं काहीही कुऱ्हाडीकडे जाणारा हात थांबवत नाही, कारण त्या वेळी विचारांना वेळच मिळत नाही. प्रश्न साधा आहे आणि फार मोठाही आहे : अंगातली ती आग आणि तो हात यांच्यामध्ये काही जागा आहे का, असेल तर ती सापडते का, आणि सरावाने वाढते का? याचं एक उत्तर ब्रह्मदेशातून इगतपुरीला आलं आणि तिथून देशोदेशींच्या तुरुंगांत गेलं. विपश्यना म्हणून ते आपल्याला ऐकून माहीत असतं. ती नेमकं काय करते, हे मात्र शिबिराला न गेलेल्यांना सहसा कोणी नीट सांगत नाही.

ब्रह्मदेशात ध्यानधारणा ही मुख्यतः भिक्षूंची गोष्ट मानली जात असे. १८८५ मध्ये इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेशही घेतला आणि राजा थिबाला पकडून आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथेच १९१६ मध्ये तो वारला. धर्माचा राजाश्रय असा एका फटक्यात गेला. आता धम्म टिकायचा असेल तर तो शेतकऱ्या-कारकुनांच्या हाती द्यायला हवा, अशा विचाराने लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्षूने ध्यानाची पद्धत संसारी लोकांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या परंपरेत सया तेजी हे शेतकरी आचार्य झाले, आणि त्यांच्याकडे १९३७ मध्ये सरकारी हिशेब खात्यातले ऊ बा खिन शिकले. देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ मध्ये, हेच ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. त्यांनी कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही ध्यान शिकवलं. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या या माणसाचा स्वभाव त्या पद्धतीतही उतरला असावा : पाहा, नोंद घ्या, वाढवू नका, दडवू नका.

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ चा, मंडालेचा. टिळकांची त्या शहरातून सुटका होऊन तेव्हा दहा वर्षं होत आली होती. गोयंका मारवाडी व्यापारी घरातले, तरुणपणीच मोठे उद्योजक झालेले, आणि अर्धशिशीने बेजार. झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. परदेशातल्या डॉक्टरांकडेही उतारा मिळाला नाही. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा डोकेदुखीचं कारण ऐकून गुरूंनी आधी त्यांना परत पाठवलं. ही गोष्ट गोयंका पुढे स्वतःच सांगत. शरीराचं दुखणं घालवायला ही विद्या वापरणं गुरूंना तिचा अपमान वाटत होता. मन स्वच्छ करायला येणार असाल तर या, दुखणं गेलं तर ते आपोआप जाईल, अशी त्यांची अट होती. गोयंका गेले आणि तिथेच रमले. १९६९ मध्ये ते भारतात आले. पहिलं शिबिर त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईतल्या एका धर्मशाळेत झालं. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं.

दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. साडेचारला ध्यान. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि थोडंसं काही, जुन्यांना तेही नाही. रात्री प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मोबाइल नाही, वही-पेन नाही, पुस्तक नाही, आणि पहिले नऊ दिवस बोलणं नाही. फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्यांनी नंतरच्यांसाठी दिलेल्या दानावर सगळं चालतं. रोजचं बसणं दहा तासांच्या आसपास भरतं.

पहिले तीन दिवस आणि चौथ्याचा काही भाग एकच काम असतं. श्वास येतो-जातो तसा पाहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, बरोबर नाम घ्यायचं नाही. नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी एवढीशी जागा आहे तिथे लक्ष ठेवायचं. याला आनापान म्हणतात. ऐकायला पोरखेळ वाटतो. करायला बसलं की लगेच कळतं, चार श्वास सलग हाती लागत नाहीत. मन दुकानाच्या उधारीवर जातं, मुलीच्या स्थळावर जातं, वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत कोण काय बोललं होतं तिथे जातं. त्याला रागे न भरता परत आणायचं. पुन्हा जातं, पुन्हा आणायचं. हे परत आणणं हाच सराव आहे, ही गोष्ट बरेच जण चुकीची समजतात. मन भटकलं म्हणजे ध्यान बिघडलं असं धरून ते हिरमुसतात. पण मन भटकलं हे ज्या क्षणी ध्यानात आलं, त्या क्षणी माणूस जागा झालेला असतो.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. आता लक्ष डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगावरून फिरवायचं आणि जिथे जी संवेदना आहे ती तशीच पाहायची : खाज, ऊब, मुंग्या, कपड्याचा स्पर्श, दुखणं, किंवा काहीच नाही. याच्यापुढे रोज तीन वेळा एकेक तास असा बसायचा की हात उघडायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत.

या तासात जे घडतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं बरी जातात. मग उजवा गुडघा बोलायला लागतो. आधी नुसता दाब, मग ठणका, मग गुडघ्यात कोणी पाचर ठोकतंय असं वाटू लागतं. आणि त्याच्या जोडीला मनात एक वकील उभा राहतो. इजा कायमची राहील. डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हटलं होतं. किती वेळ झाला असेल? घंटा वाजवायला विसरले की काय? शेजारचा कसा निवांत बसलाय, त्याला काहीच होत नसेल. सूचना असते ती एवढीच : ठणका पाहा. तो नेमका कुठून कुठपर्यंत आहे, गरम आहे की टोचणारा, एकसारखा आहे की कमी-जास्त होतोय? बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी कधीतरी हे दिसतं, की ‘दुखतंय’ म्हणून जो एक अखंड दगड वाटत होता तो दगड नाही. त्यात लहरी आहेत, त्या उठतात आणि विरतात. आणि त्याहून महत्त्वाचं, वकील थोडा वेळ गप्प बसला तर गुडघा तसाच दुखतो, पण आपण त्यात बुडत नाही. ठणका एका जागी आहे, आणि ‘मला हे नको’ ही धडपड वेगळ्या जागी. पाय हलवायचा की नाही, हे ठरवणारं कोणीतरी आता तिथे हजर आहे.

हीच ती जागा, जी त्या शेतकऱ्याला त्या संध्याकाळी मिळाली नाही.

बुद्धाच्या सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला आहे. अजाण माणसाला एक बाण लागतो आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा. जाणत्याला फक्त पहिला. पहिला शरीराचा, दुसरा मनाचा. अलीकडे प्रयोगशाळेत या दोन बाणांना वेगवेगळं मोजायचा प्रयत्न झाला आहे. २०११ मध्ये फदेल झैदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यानाचा गंध नसलेल्या लोकांना चार दिवस, रोज वीस मिनिटं, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या पोटरीला तापलेल्या उपकरणाने चटके दिले. वेदना किती तीव्र होती आणि ती किती नकोशी वाटली, हे दोन आकडे त्यांनी वेगळे सांगायचे होते. ध्यान करताना तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी सांगितली गेली, नकोसेपणा ५७ टक्क्यांनी. माणसं अगदी थोडी होती, म्हणून आकड्यांना फार चिकटू नये. तरी नकोसेपणा तीव्रतेपेक्षा जास्त उतरला, ही गोष्ट शिबिरात बसलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

रागाच्या बाबतीत हे कसं लागू पडतं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्येच एक धाडसी मत मांडलं होतं : आधी शरीर बदलतं, आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं आज कोणी मानत नाही, पण त्यातला मोठा वाटा टिकून आहे. कोणी अपमान केला की काय करायचं हे ठरवण्याआधीच अॅड्रेनलिन रक्तात उतरायला लागतं. छाती धडधडते, जबडा आवळतो, कानशिलं तापतात, हातांत रक्त भरतं. राग बरेचदा आधी अंगात येतो आणि मग मनात त्याची गोष्ट तयार होते. अंगातल्या या हालचालींची बातमी मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागाकडे जाते. शिबिरात दिवसचे दिवस गुडघा, पाठ, नाकाखालची इवलीशी जागा पाहणारा माणूस नेमकी हीच बातमी लवकर वाचायला शिकतो. कानशिलं तापू लागली हे त्याला तापण्याच्या सुरुवातीलाच कळतं. राग येतोच. पण तो आल्याचं माणसाला आधी कळतं, आणि तेवढ्या अवधीत उठून पाणी प्यायला जाता येतं.

भावनेला नुसतं नाव दिलं तरी फरक पडतो, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं. रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं पाहताना त्या भावनेचा शब्द निवडला, तर मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची खळबळ कमी झाली. आपल्या आज्या ‘डोकं तापलंय, आत्ता बोलू नको’ असं म्हणत. त्यात दोन्ही गोष्टी होत्या : शरीराची खूण आणि तिची नोंद.

आता ध्यानाच्या जोडीने नेहमी कानावर येणाऱ्या ‘वर्तमानात जगा’ याकडे येतो. हा उपदेश इतका झिजला आहे की त्याचा अर्थ ‘आजचा दिवस मजेत घालवा’ असा काहीतरी होऊन बसला आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये एक साधी युक्ती केली. २,२५० माणसांच्या फोनवर दिवसात अवचित प्रश्न पाठवले : आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मन दुसरीकडे असताना लोक कमी सुखी होते. दुसरीकडे म्हणजे सुखद विचारात असले तरी, हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हते. माणूस काय करतो आहे यापेक्षा त्याचं मन कुठे आहे, यावरून त्याच्या सुखाचा अंदाज जास्त चांगला येत होता. मला यातली सर्वांत उपयोगी गोष्ट ही वाटते की भांडी घासणं, लोकलची गर्दी, रांगेत थांबणं ही कामं मुळात जितकी कंटाळवाणी आहेत त्याहून जास्त ती आपल्या गैरहजेरीने होतात.

या भटकण्याचं मेंदूतलं घरही आता माहीत आहे. हातात विशेष काम नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग एका जाळ्यासारखे मिळून जोरात चालतात, हे मार्कस रेचल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं. आठवणी, उद्याची चिंता, लोक आपल्याला काय म्हणतील, या सगळ्याचं दळण तिथे चालतं. २०११ मध्ये जडसन ब्रूअर यांच्या गटाला अनुभवी साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी या जाळ्यातले मुख्य भाग शांत दिसले. पण हे जाळं आपलं शत्रू आहे असं समजू नये. पेरणी कधी करायची, मुलीच्या शिक्षणाला पैसे कुठून आणायचे, हा विचार करावाच लागतो. पुढच्या वर्षाचा हिशेब मांडायला बसलो आणि हिशेबच मांडत राहिलो, तर आपण वर्तमानातच आहोत. रात्री दोनला तोच हिशेब आपल्याला न विचारता चालू झाला आणि थांबेना, तर आपण त्याचे कैदी आहोत.

तुरुंगात विपश्यनेचा पहिला प्रयोग १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात झाला, राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंग यांच्या पुढाकाराने. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना बेड्या घालूनच बसवायचं असा तुरुंगाचा बेत होता. गोयंकांनी नकार दिला. बेड्या काढल्या तरच शिकवतो म्हणाले. काढल्या, आणि काही विपरीत घडलं नाही. पुढे बराच काळ हे काम मागे पडलं. १९९३ मध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख झाल्या. कारागृह क्षमतेबाहेर कितीतरी भरलेलं, टोळ्यांचं राज्य, रोजची मारामारी. त्यांनी आधी कर्मचाऱ्यांना शिबिराला पाठवलं, आणि हा क्रम फार शहाणपणाचा होता, कारण ज्याच्या हातात दंडुका आहे त्याचंही मन तितकंच तापलेलं असतं. मग काही कैद्यांचं शिबिर झालं आणि एप्रिल १९९४ मध्ये हजारांहून अधिक कैद्यांचं एकत्र शिबिर, ज्याला स्वतः गोयंका आले होते. तिहारच्या आतच कायमचं केंद्र सुरू झालं. त्यावरचा ‘डुइंग टाइम, डुइंग विपस्सना’ हा माहितीपट १९९७ मध्ये आला. त्यात कैदी रडताना दिसतात, पण माझ्या लक्षात राहतात ते त्यांचे शांतपणे दिलेले कबुलीजबाब. आपण कोणाचं काय केलं, हे ते पहिल्यांदाच वकिलाविना सांगत असतात.

इथून अमेरिकेत सिएटलजवळच्या एका कारागृहात शिबिरं सुरू झाली. तिथे शिबिर केलेल्या कैद्यांची, सुटकेनंतर तीन महिन्यांनी, शिबिर न केलेल्यांशी तुलना झाली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिबिर केलेल्यांचं दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचं सेवन कमी झालेलं दिसलं. मात्र शिबिराला कोणी जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं; जे आले ते आपणहून आले होते. सुधारायची इच्छा त्यांच्यात आधीच जास्त असणार, हे धरूनच त्या निष्कर्षाकडे पाहायला हवं.

चिठ्ठ्या टाकून केलेला, म्हणून जास्त भरवशाचा पुरावा नैराश्याबद्दल आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचा, म्हणजे अशाच ध्यानाचा, अभ्यासक्रम बांधला; पुढे तो आठ आठवड्यांचा ठरला. त्यावर आधारून जॉन टीझडेल आणि सहकाऱ्यांनी, नैराश्यातून बाहेर आलेल्यांना ते पुन्हा येऊ नये म्हणून, एक उपचार तयार केला. २००० मध्ये त्याचे आकडे आले. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते त्यांच्यात, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांना साठ आठवड्यांत ते पुन्हा आलं; सजगता शिकलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. दोनच झटके आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे ही सरसकट गुटी नाही. ज्याचं मन त्याच त्या खड्ड्यात वारंवार घसरतं, त्याला घसरण सुरू होतानाच ओळखता आली तर जास्त फायदा होतो, असा त्याचा अर्थ लागतो.

ध्यानाबद्दल फुगवून सांगणाऱ्यांना मी इथे अडवू इच्छितो. आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलतो असं सर्रास लिहिलं जातं. २०२२ मध्ये तम्मी क्राल यांच्या गटाने काळजीपूर्वक तपासलं तेव्हा तसा बदल सापडला नाही. आणि काहींना ध्यानाचा त्रासही होतो. जुने आघात, झोप उडणं, भीती, वास्तवाची पकड सुटल्यासारखं वाटणं, याच्या तपशीलवार नोंदी जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या. ज्यांना स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य किंवा असा दुसरा गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी दहा दिवसांच्या मौनात थेट उडी घेऊ नये. शिबिराच्या अर्जात आजारांबद्दल विचारतात ते यासाठीच, आणि तिथे काही लपवणं स्वतःच्या जिवाशी खेळणं आहे.

दुसरा एक आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. कैद्याला आतली मोकळीक शिकवायची आणि बाहेरचा अन्याय तसाच ठेवायचा, असं तर होत नाही ना? भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस जेवढे लोक होते त्यांतले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. अशा माणसाला श्वास पाहायला सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याला खटल्याची तारीख हवी, वकील हवा. किरण बेदींनी तिहारमध्ये ध्यानाबरोबरच फिरती तक्रारपेटी ठेवली, साक्षरतेचे वर्ग चालवले, हे विसरता कामा नये. मुळात रागाच्या ताब्यात नसलेला माणूस अन्यायाशी जास्त चांगला लढतो. टिळक आणि विनोबा दोघेही बाहेर आल्यावर स्वस्थ बसले नाहीत.

महाराष्ट्रात आता या गोष्टीला सरकारी मान्यताही आहे. राज्य कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सोय आहे, शाळांमधून आनापान शिकवण्याचे उपक्रम झाले आहेत. पण शिबिराला जायला प्रत्येकाला जमेल असं नाही. घरात आजारी माणूस असतो, रोजंदारी बुडते, बाईला दहा दिवस घर सोडायचं म्हटलं तर सासरी-माहेरी दहा प्रश्न. त्यांच्यासाठी घरचा सराव आहे, आणि तो अगदीच नगण्य समजू नये.

सकाळी घर जागं होण्याआधी दहा मिनिटं बसा. मांडी घालवत नसेल तर खुर्चीवर. पाठ ताठ, पण अवघडलेली नको. श्वास आत येताना नाकाखाली गार लागतो, जाताना कोमट, तेवढं पाहा. मन गेलं की आणा. दहा मिनिटं पूर्ण होण्याआधी उठावंसं वाटेल. ती उठण्याची ओढ अंगात कुठे जाणवते, पोटात की मांडीत, ते पाहा आणि वेळ झाल्यावरच उठा. मग दिवसातला एकच प्रसंग आधी ठरवून ठेवा, जो रोज येतो आणि रोज आपल्याला डिवचतो. सिग्नलला मागून वाजणारा हॉर्न, भावकीच्या ग्रुपवरचा एखाद्या काकाचा मेसेज, मुलाने तिसऱ्यांदा न ऐकणं. तो आला की उत्तर देण्याआधी जबडा, खांदे आणि पोट एकदा पाहून घ्या. उत्तर द्यायचं असेल तर मग द्या. पहिले कितीतरी दिवस हे पाहणं भांडण झाल्यावर आठवेल. नंतर ते भांडणाच्या मध्येच आठवू लागतं.